शिळावर्तुळांत दडलंय काय?

प्राचीन दफनभूमीचं उत्खनन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इजिप्त येतो. पण कळमेश्वर आणि नागपूरच्या मधल्या टापूत, जुनापाणी आणि माहूरझरी इथे, इसवीसनपूर्व पहिल्या सहस्रकातली दफनभूमी आहे. एकट्या जुनापाणीत सुमारे ३०० शिळावर्तुळं, म्हणजे दफनांभोवती गोलाकार मांडलेले दगड, आहेत. त्यांच्याबद्दलचे गैरसमज मात्र अजून कायम आहेत.

गैरसमज : हे गवळ्यांचे जुने गोठे आहेत.
वस्तुस्थिती : ही लोहयुगातल्या माणसांची दफनं आहेत. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ साली इथल्या उत्खननाची माहिती प्रसिद्ध केली. १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी जुनापाणीत, तर १९७० नंतर शां. भा. देव यांनी माहूरझरीत शास्त्रशुद्ध उत्खनन केलं.

गैरसमज : आत गुप्तधन पुरलेलं आहे.
वस्तुस्थिती : मिळतात ती प्रामुख्याने काळी-तांबडी मातीची भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या आणि तांब्याच्या वस्तू. क्वचित थोडं सोनंही सापडलं आहे. पण कोणती वस्तू कुठे, कशाशेजारी आणि कोणत्या थरात होती, यावरूनच इतिहास उलगडतो. चोरून खणलेल्या एका खड्ड्याने तो पुरावा कायमचा जातो.

गैरसमज : ती माणसं रानटी होती.
वस्तुस्थिती : माहूरझरीत माणसासोबत घोडाही पुरलेला सापडला. त्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साज आणि लोखंडी लगामही मिळाले. पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच उघडकीस आली. कच्च्या धातूपासून लोखंड काढणारे कसबी कारागीर या भागात होते.

गैरसमज : आत ममीसारखा अख्खा देह असतो.
वस्तुस्थिती : इजिप्तमध्ये कोरडी हवा, क्षारांनी देह सुकवण्याची पद्धत आणि राळेचे लेप यांमुळे देह टिकले. आपल्याकडे पावसाळ्याच्या ओलीत हाडं झिजतात. शिवाय अनेकदा देह आधी दुसरीकडे ठेवून नंतर निवडक अस्थीच पुरल्या जात. त्यामुळे हाडांचे तुकडेच हाती लागतात.

जुनापाणीची शिळावर्तुळं केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शेतात, धुऱ्यावर गोलाकार मांडलेले दगड दिसले, तर ते हलवू नका, जेसीबी लावू नका. तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला कळवा. हा विदर्भाचा ठेवा आहे आणि तो राखणं आपल्याच हाती आहे.