भ्रम, भास आणि संगणक

अंधारात दोरी पाहून साप वाटावा, हा भ्रम. तेथे निदान दोरी तरी असते. काहीच नसताना साप दिसावा, कोणी बोलत नसताना शब्द ऐकू यावेत, हा भास, म्हणजेच ‘हॅल्युसिनेशन’. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा भेद फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल यांनी स्पष्ट केला. (‘विभ्रम’ हा पर्यायही सुचविला जातो, परंतु त्याला शृंगाराची छटा असल्याने तो येथे शोभत नाही.)

आता हा शब्द संगणकालाही लागला आहे. चॅटजीपीटीसारखी प्रणाली शब्दापुढे संभाव्य शब्द जुळवीत जाते. माहिती नसली तरी वाक्य अडत नाही. अशा प्रणालीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यूयॉर्कच्या न्यायालयात सादर झाले आणि २०२३ मध्ये दोन वकील व त्यांच्या संस्थेला मिळून ५,००० डॉलर दंड झाला. यंत्र मुळात काही पाहत वा ऐकत नसल्याने अनेक तज्ज्ञांना हा शब्दप्रयोग खटकतो, आणि ते रास्तच आहे. तरी तो रूढ झाला.

मुदत ठेवीचा व्याजदर विचारला, तर अशी प्रणाली जुना किंवा कधीच नसलेला दरही तितक्याच ठामपणे सांगू शकते. लागू असलेला दर शाखेत व बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावयास मिळतो.