निजण्याच्या खोलींत ऊब कशी आणावी?

निफाडच्या बाजूस पौषांत कांहीं वर्षीं पहांटेचा पारा ५ अंशांच्याही खालीं उतरतो. अशा वेळीं दारें-खिडक्या लावून कोळशाची शेगडी उशाशीं ठेवण्याची चाल आम्हांस अत्यंत घातक वाटते. जळत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो व निजलेला मनुष्य जागा न होतांच दगावतो. धूर नाहीं म्हणून धोका नाहीं, ही समजूत चुकीची होय.

यास्तव वीज असेल तेथें विजेचा हीटर घ्यावा. १० फूट लांब-रुंद खोलीस १००० ते १५०० वॅटचा बहुधा पुरतो. तापून लाल होणाऱ्या कांडीचा हीटर लवकर ऊब देतो, पण अंथरुणाजवळ आगीचें भय असतें. पाकळ्यांत तेल भरलेला हीटर सावकाश तापतो, त्यांतील तेल जळत नाहीं, व तो ऊब पुष्कळ वेळ धरितो. निजण्याच्या खोलीस तोच बरा. १५०० वॅटचा हीटर ८ तास अखंड चालल्यास १२ युनिट वीज लागते; पुरेशी ऊब होतांच आपोआप बंद होणारा घेतल्यास खर्च कमी येतो. तो अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या जोडणीवरच लावावा व अंथरुणापासून ३ फूट दूर ठेवावा.

रात्रीं वीज गेल्यास आणखी एक घोंगडी घ्यावी. शेगडी मात्र आंत आणूं नये.