पीळ, पापुद्रा आणि अर्धा तास

दोऱ्याचे रिकामे रीळ, एक रबरबँड, मेणबत्तीचा तुकडा आणि एक काडी. एवढ्या भांडवलावर ‘रिळाची गाडी’ बनवणारी एक पिढी आपल्याकडे होऊन गेली. काडी फिरवून रबराला पीळ द्यायचा, गाडी जमिनीवर ठेवायची आणि ती स्वतःहून चालू लागली की घरभर ओरडत सुटायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. रबराचे मात्र उलटे असते. त्याचा पीळ हळूहळू जातो, आणि जाता जाता काम करून जातो. या एका साध्या गोष्टीवर जगातल्या काही मंडळींनी असा छंद उभा केला आहे की ऐकणाऱ्याचा चटकन विश्वास बसू नये.

हा छंद आहे बंद छताखाली उडणाऱ्या विमानांचा. या विमानाला इंजिन नसते, बॅटरी नसते, रिमोट नसतो. हातातून सुटले की ते आपल्या मर्जीचे मालक. स्पर्धेतल्या ‘एफ वन डी’ या सर्वांत मानाच्या गटाचे नियम पाहा. पंखांचा विस्तार जास्तीत जास्त ५५ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास दोन वीत आणि वर थोडे. विमानाचे वजन किमान १.४ ग्रॅम आणि रबर जास्तीत जास्त ०.४ ग्रॅम. सराफाच्या जुन्या भाषेत सांगायचे तर विमान दीड माशाच्या आतबाहेर आणि त्याचे ‘इंधन’ जेमतेम साडेतीन गुंजांचे! पुरता पीळ दिलेल्या एवढ्याशा रबरात जी शक्ती साठते, तिने पाण्याची एक लिटरची बाटली जमिनीवरून फार तर गुडघ्यापर्यंत उचलता येईल. तेवढ्या शक्तीवर उंच छताच्या जागेत हे विमान अर्ध्या तासाच्या आसपास हवेत राहते. अधिक रबराची मुभा असलेल्या जुन्या नियमांच्या काळात, १९९७ मध्ये, अमेरिकेच्या स्टीव्ह ब्राऊन यांनी तर एका तासाचीही मर्यादा ओलांडली होती.

खेळण्यातून जन्मलेले शास्त्र

या छंदाचा मूळपुरुष म्हणून आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाचे नाव घेतले जाते. वडील आरमारात ॲडमिरल; पण कंबरेच्या दुखण्यामुळे मुलाला आरमाराची वाट बंद झाली. त्याने आकाशाची वाट धरली. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत त्याने जाणकारांसमोर पिळाच्या रबरावर चालणारे एक छोटे विमान सोडले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले, आणि तेही कोणी न सांभाळता, स्वतःचा तोल स्वतः राखत. शेपटीकडचा लहान पंख किंचित खालच्या कोनात बसवला की विमान आपोआप सावरते, हे त्याने त्या दिवशी दाखवून दिले.

पुढे १८७६ मध्ये माणसे वाहून नेणाऱ्या विमानाच्या आराखड्याचे पेटंटही त्याने घेतले. पण पैसा उभा राहिला नाही, टीका मात्र भरपूर झाली. प्रकृतीनेही साथ दिली नाही. ऑक्टोबर १८८० मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, त्याने आपले जीवन संपवले.

दोनच वर्षे आधी, १८७८ मध्ये, अमेरिकेत मिल्टन राइट नावाच्या धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांसाठी एक खेळणे घरी आणले होते. पेनोच्याच धर्तीवरचे, रबराच्या पिळावर वर उडणारे. मुलांची वयेही किती? विल्बर अकरा वर्षांचा आणि ऑरव्हिल सात. खेळणे लवकरच मोडले. दोघांनी स्वतःच्या हाताने तशीच नवी बनवली. मोठी करून पाहिली तर ती नीट उडेनात. का उडेनात, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून राहिला. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान प्रथम उडाले ते १२ सेकंद, आणि अंतर कापले १२० फूट. पेनोच्या खेळण्याने त्याच्या बत्तीस वर्षे आधी जवळपास तेवढीच मजल मारली होती.

परातीतला पापुद्रा

दीड ग्रॅमचे विमान बनते तरी कशाचे? सांगाडा बाल्सा लाकडाचा. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमधून येणारे हे लाकूड मुळातच हलके. त्यातही छांदिष्ट मंडळी लाकडाची फळी तराजूत घालून, वाकवून, उजेडासमोर धरून निवडतात. आपल्याकडे एखादी आजी लग्नाच्या शालूचा पोत पाहते ना, तसेच. विमानाचे धड म्हणजे कागदासारख्या पातळ बाल्साची नळी. पातळ पत्रा गरम पाण्यात भिजवून सळीभोवती गुंडाळतात, वाळवतात आणि शिवण चिकटवतात. पंखाच्या फासळ्या साच्यावर धरून ब्लेडने कापतात. सांगाड्याला ताण द्यायला केसाहूनही बारीक तार लावतात.

त्यावर चढवायचे आवरण तर अजबच. पूर्वी मोठ्या पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यावर सेल्युलोजच्या लॅकरचे थोडे थेंब सोडत. ते क्षणात पसरून पाण्यावर साबणाच्या फुग्यासारखा रंगीत पापुद्रा धरत. तारेच्या कड्याने तो अलगद उचलायचा आणि पंखावर बसवायचा. सांगाड्याला तो चिकटवायला बहुतेकांचा गोंद कोणता? तोंडातली थुंकी! अलीकडे त्या पापुद्र्याची जागा अत्यंत पातळ प्लॅस्टिकच्या फिल्मने घेतली आहे. पण हात तितकाच हलका लागतो.

पुढचा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, जवळजवळ विमानाच्या पंखाएवढा मोठा असतो आणि मिनिटाला साधारण चाळीस-पन्नास फेरे घेतो. आपला छताचा पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवला तरी त्याच्यापुढे तो घाईचाच वाटावा. विमानाचा वेगही माणसाच्या चालीहून कमी. ते उडते म्हणण्यापेक्षा हवेत रेंगाळते म्हणावे.

एका वेळी एकच बदल

विमान तयार झाले म्हणजे काम संपले असे नाही, उलट खरे काम तिथून सुरू होते. पतंग एका बाजूला कलत असेल तर मुले दुसऱ्या बाजूला चिंधी अडकवतात. या विमानाचा तोल साधणे हे त्याच जातीचे काम, फक्त चिंधीऐवजी इथे मिलिग्रॅमचा आणि अर्ध्या अंशाचा हिशेब.

प्रथम रबराला थोडेच पीळ देऊन विमान सोडून बघतात. नाक वर करून अडखळले, तर पंखाचा कोन जरा कमी करायचा. नाक खुपसून खाली आले, तर वाढवायचा. पंखाचे दांडे टिश्यू कागदाच्या बारीक नळ्यांत बसवलेले असतात, म्हणून ते किंचित वर-खाली सरकवता येतात. मग वळणाचा प्रश्न. प्रॉपेलर एका दिशेला फिरतो, तसे विमान उलट दिशेला कलू पाहते. म्हणून बहुधा विमान डावीकडेच गोल फिरवतात. वळणाच्या आतला पंख मंद पडून खाली जाऊ नये म्हणून त्याला थोडा जास्त पीळ देतात किंवा तो थोडा लांब ठेवतात.

रबराची तऱ्हा निराळीच. सुरुवातीला ते जोरात ओढते आणि पुढे मंदावते. तो पहिला जोर आवरला नाही तर विमान सरळ छतावर जाऊन आदळणार. त्यासाठी जोर जास्त असताना पाती आपोआप अधिक कोनात वळवणारी नाजूक यंत्रणाही काही जण प्रॉपेलरच्या मुळाशी बसवतात. रबराला आधी पाच-सहा पट ताणतात आणि मगच पीळ देतात, तेही विमानापासून दूर, कारण हजाराच्या वर पीळ बसलेले रबर तुटले तर विमानाचा चुरा होतो. पीळ किती, जोर किती, हवेचे तापमान काय, वेळ किती, सारे वहीत टिपायचे. आणि नियम एकच: एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, ते कळत नाही. हा नियम विमानांपुरताच आहे असे नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

मोडणे गृहीत धरून

एवढी नाजूक वस्तू मोडणारच. शिंक आली तरी फिल्म फाटते. मग फाटल्या जागी फिल्मचा तेवढाच तुकडा डकवायचा. काडी मोडली तर तिरका सांधा करून चिकटवायची. गोंद असा वापरतात की ॲसिटोनचा एक थेंब लावला की सांधा पुन्हा सैल व्हावा. म्हणजे सांधा जोडतानाच तो सोडवायची सोय करून ठेवायची. मात्र प्रत्येक ठिगळाचे वजन असते. दुरुस्ती जितकी कमी, तितकी चांगली.

या शहाणपणाचा मोठा पुरावा पॉल मॅक्रेडी यांनी दिला. अमेरिकेतला हा माणूस लहानपणी मॉडेल विमानांत रमलेला. स्वतःच्या ताकदीने उडणाऱ्या माणसासाठी क्रेमर यांनी १९५९ पासून बक्षीस लावले होते, आणि पुढे त्याची रक्कम ५० हजार पौंडांपर्यंत गेली. मॅक्रेडी यांच्या डोक्यावर तेव्हा एका नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहिल्याने सुमारे एक लाख डॉलर्सचे देणे होते. बक्षिसाची रक्कम जवळपास तेवढीच! इतरांची विमाने सुबक होती, पण पडली की दुरुस्तीला महिने लागत. मॅक्रेडी यांनी बंद छताखालच्या विमानांसारखाच तारांनी ताणलेला, पातळ फिल्मचा अवाढव्य सांगाडा केला. पंखांचा विस्तार २९ मीटर, वजन मात्र ३२ किलोंच्या आसपास. पडले की चिकटपट्टी लावा, नळी बदला आणि थोड्याच वेळात पुन्हा उडवा. ज्याला मोडायची भीती नाही, त्याला शिकायला जास्त संधी मिळते. २३ ऑगस्ट १९७७ रोजी सायकलपटू ब्रायन ॲलन यांनी पायडल मारत ‘गॉसमर काँडोर’ नावाच्या त्या विमानातून आठच्या आकड्याची फेरी पुरी केली. १२ जून १९७९ रोजी त्याच मंडळींचे ‘गॉसमर अल्बट्रॉस’ इंग्लिश खाडी ओलांडून गेले.

स्तब्ध हवेचा शोध

या छंदाची खरी अडचण पैशाची नाही, ती आहे जागेची. हवी असते उंच छताची आणि वारा नसलेली जागा. रुमानियातल्या स्लानिक इथे जमिनीखाली दोनशे मीटरवर मिठाची जुनी खाण आहे. तिच्या दालनांची उंची ५४ मीटर आणि तापमान बारा महिने १२ अंश. तिथे या विमानांच्या जागतिक स्पर्धा भरल्या आहेत. विमान भिंतीकडे जाऊ लागले तर हेलियमच्या फुग्याला बांधलेल्या दोऱ्याने ते हळूच वळवायची परवानगी असते. इंग्लंडमधील कार्डिंग्टन आणि अमेरिकेतील लेकहर्स्ट, टस्टिन इथल्या हवाई जहाजांच्या जुन्या शेडही या छंदाला आश्रय देत आल्या. त्यांतली टस्टिनची एक प्रचंड लाकडी शेड नोव्हेंबर २०२३ मध्ये आगीत गेली. अशी शेड आता कोण बांधणार?

आपल्याकडे एनसीसीच्या हवाई विभागातली मुले मॉडेल विमाने करतात. पण सुरुवातीला तेवढीही तयारी लागत नाही. पतंगाच्या कामट्या, पातळ थर्मोकोल, टिश्यू कागद आणि एक चांगला रबरबँड घरात मिळतो. विमान पाच ग्रॅमचे झाले तरी हरकत नाही. शाळेचा हॉल किंवा लग्नसराई नसताना रिकामे असलेले मंगल कार्यालय विनंती केली तर अर्ध्या दिवसापुरते मिळू शकते. पंखे बंद करा, दारे लावून घ्या, आणि हवा स्थिर होईपर्यंत पाच मिनिटे सर्वांनी नुसते बसून राहा. मुलांना ही पाच मिनिटे जड जातील. मोठ्यांनाही जातील. पण विमान सुटले की मग मोठ्याने बोलायला कोणी धजत नाही, कारण आपल्याच श्वासाने ते कलेल अशी धास्ती असते. विमान पडले आणि पंख मोडला, तर मुलांवर रागावू नका. गोंदाची बाटली आणि वही पुढे सरकवा, आणि काय बदलले होते ते आधी लिहून घ्यायला सांगा.