दुरुस्तीसाठी फाईल पाठवताना

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदणीचा शेवटचा दिवस होता आणि माझ्या वर्गातील 38 मुलांची यादी संकेतस्थळ काही केल्या स्वीकारत नव्हते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील शिक्षकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यातले एक जाणकार सर सगळ्यांच्या अडचणी सोडवतात. त्यांनी लिहिले, "फाईल आणि स्क्रीनशॉट टाका, बघतो." मी दोन्ही ग्रुपवर टाकले. दहा मिनिटांत उत्तर आले: एका जन्मतारखेत दिवस आणि महिन्याची अदलाबदल झाली होती. काम झाले. शुक्रिया लिहून मी घरी गेले.

चार दिवसांनी एका विद्यार्थिनीची आई शाळेत आली. तिला फोन आला होता. मुलीचे पूर्ण नाव, इयत्ता, जन्मतारीख अचूक सांगून पलीकडचा माणूस म्हणाला, "शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, आता आलेला ओटीपी सांगा." अल्लाहचा शुक्र, तिने सांगितला नाही. पण मला विचारले, "टीचर, आमच्या पोरीची जन्मतारीख त्याला कोणी दिली?"

त्या फोनचा माझ्या फाईलशी संबंध होता, असे मी सिद्ध करू शकत नाही. पण "माझ्याकडून गेली नाही" असेही मला छातीठोकपणे म्हणता आले नाही. ग्रुप उघडला. दोनशेहून अधिक सदस्य. त्यातले निम्मे मी ओळखतही नाही. माझ्या फाईलमध्ये मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक आणि पालकांचे मोबाईल, सगळे होते. सर्वांसाठी संदेश पुसण्याची मुदतही उलटून गेली होती. चूक एका रकान्यात होती; दाखवली मी अख्खी यादी. मी त्या माऊलीला खरे काय ते सांगितले आणि माफी मागितली.

नोंदवहीत काय असते?

तेव्हापासून मी या विषयात लक्ष घातले. मोबाईल किंवा संगणक बिघडला की मदत करणारा माणूस स्क्रीनशॉट मागतो, कधी 'लॉग फाईल' मागतो. लॉग फाईल म्हणजे यंत्राने स्वतः लिहिलेली नोंदवही. जहाजाच्या प्रवासाची रोजची नोंद ज्या वहीत होई ती लॉगबुक. शब्द तिथून आला. शाळेच्या हालचाल रजिस्टरसारखेच हे: किती वाजता काय उघडले, कुठे अडले. ही वही मागणे रास्तच आहे. डॉक्टरला दुखणे दाखवल्याशिवाय औषध कसे मिळणार?

अडचण अशी की बिघाडाच्या ओळींबरोबर त्यात वापरणाऱ्याचे नाव, ईमेल, मोबाईल क्रमांक, इंटरनेटवरचा आयपी पत्ता, फाईलींची नावेही असू शकतात. कधी कधी लॉगिनचा तात्पुरता पासही असतो. कार्यक्रमाच्या दारावर पास दाखवला की कोणी पुन्हा नाव विचारत नाही, तसेच हे. तो पास दुसऱ्याच्या हाती पडला तर पासवर्डशिवायही खाते उघडू शकते.

मोठमोठ्या कंपन्याही यात सापडल्या आहेत. ऑक्टा ही अमेरिकन कंपनी इतर कंपन्यांची लॉगिन व्यवस्था सांभाळते. सप्टेंबर-ऑक्टोबर 2023 मध्ये तिच्या मदत विभागाच्या यंत्रणेत चोर शिरले. ग्राहकांनी दुरुस्तीसाठी पाठवलेल्या ब्राउझरच्या नोंदी तिथे साठवलेल्या होत्या. चोर 134 ग्राहकांच्या फाईलींपर्यंत पोहोचले आणि त्यातले पास वापरून पाच ग्राहकांच्या खात्यांत घुसले. सायबर सुरक्षा हेच ज्यांचे काम, अशा क्लाउडफ्लेअरसारख्या कंपनीलाही त्याची झळ बसली.

पाठवण्यापूर्वी

आता मी फाईल पाठवण्याआधी पाच मिनिटे देते. आपणही द्या.

मूळ फाईल तशीच ठेवा. तिची प्रत काढून प्रतीतून खासगी माहिती पुसा. नावाच्या जागी 'विद्यार्थी 1', 'विद्यार्थी 2' असे लिहा, म्हणजे संदर्भ तुटत नाही. आधार क्रमांक आणि मोबाईल काढूनच टाका. एक्सेलमध्ये रकाना नुसता लपवू नका. लपवलेला रकाना पुन्हा उघडता येतो.

स्क्रीनशॉटमधला चुकीचा संदेश तेवढा कापून घ्या. आकड्यांवर मार्करची पुसट रेघ ओढून भागत नाही. चित्राचा उजेड वाढवला की खालचे आकडे दिसू शकतात. वर भरीव काळा चौकोन ठेवा.

लॉग फाईल बनवल्यावर त्या संकेतस्थळावरून लॉगआउट करा; बहुतेक ठिकाणी जुना पास त्याने रद्द होतो.

फाईल ग्रुपवर न टाकता एकाच ओळखीच्या माणसाला पाठवा आणि काम झाल्यावर त्याला पुसायला सांगा. मदतीच्या नावाखाली कोणी अनोळखी माणूस आपला पडदा त्याला दिसेल असे ॲप टाकायला सांगत असेल, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर कळवा.

हक्क आणि अमानत

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. पण आपल्या घरांत यासाठी फार जुना शब्द आहे: अमानत. शेजारीण बाहेरगावी जाताना दागिन्यांचा डबा ठेवून गेली, तर आपण तो चार लोकांपुढे उघडत नाही. पालकांनी विश्वासाने दिलेली मुलांची कागदपत्रे, बहिणीने फॉर्म भरायला दिलेले आधार कार्ड, मोहल्ल्यातील खालांचे बँक पासबुक यांनाही तोच नियम लागू आहे. स्वतःची माहिती उघडी केली तर नुकसान आपले. दुसऱ्याची केली तर जबाब द्यावा लागतो.

पुढच्या पालकसभेत मी ही चूक सर्वांसमोर सांगितली. दोघे रागावले, त्यांचे बरोबरच होते. मग आम्ही आधारच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार कसे काढायचे ते पाहिले. त्यावर फक्त शेवटचे चार अंक दिसतात.

यंदा जूनमध्ये तीच माऊली धाकट्या मुलाच्या प्रवेशासाठी आली. तिने दिलेल्या झेरॉक्सवर निळ्या पेनाने आडवे लिहिले होते, "फक्त शाळा प्रवेशासाठी", खाली तारीख आणि सही. मी ती प्रत कपाटात ठेवली, कुलूप लावले आणि किल्ली तिच्यादेखत पर्समध्ये टाकली.