हृदयविकार : ताट, तंबाखू आणि गोळी

हृदयविकार हा शहरातील, सुखवस्तू आणि बैठे काम करणाऱ्या माणसांचा रोग, अशी समजूत आपल्या भागात दीर्घकाळ रूढ होती. भाताची लावणी करणारा, डोंगर चढणारा, लाकडाची मोळी वाहणारा माणूस या रोगापासून सुरक्षित आहे, असे सर्वजण मानत. आज ती समजूत टिकत नाही. म्हसा, मुरबाड आणि शहापूर परिसरातील कुटुंबांत उच्च रक्तदाब, हृदयविकाराचा झटका व पक्षाघात हे शब्द आता परके राहिलेले नाहीत. घरातील कर्त्या माणसाला झटका आला, तर उपचाराच्या खर्चाबरोबरच त्या वर्षीची शेती, मुलांचे शिक्षण आणि डोक्यावरील कर्ज हे सारेच प्रश्न एकदम उभे राहतात. म्हणूनच या अहवालात आर्थिक ताळेबंदाबरोबर या विषयाची माहिती देणे आम्हास आवश्यक वाटते.

हे रोग कोणते?

हृदय हा रक्त पुढे ढकलणारा एक स्नायू आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर रक्ताचा जो दाब पडतो, तो सतत 140/90 किंवा त्याहून अधिक राहू लागला की त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. हा बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तो तपासल्याशिवाय कळत नाही. अनेक वर्षे वाढलेला दाब, रक्तातील साखर, तंबाखू आणि चरबी यांमुळे रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर खराब होते व तेथे चरबीचा थर साचतो. हा थर फाटून त्यावर गुठळी झाली आणि हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की झटका येतो. मेंदूची रक्तवाहिनी अशीच बंद पडली किंवा फुटली की पक्षाघात होतो.

याखेरीज एक विकार लहान मुलांना गाठतो. घसा दुखून ताप येतो, त्यानंतर काही आठवड्यांनी सांधे सुजतात आणि पुढे हृदयाच्या झडपा खराब होतात. हा संधिवाताच्या तापातून होणारा हृदयविकार होय. याची सुरुवात साधारणपणे 5 ते 15 या वयात होते. दाटीवाटीच्या घरांत तो अधिक आढळतो. घशाच्या जंतुसंसर्गावर वेळीच उपचार केल्यास तो टळतो. आणि एकदा ताप येऊन गेलेल्या मुलास दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे चुकू न देता द्यावे लागते.

आपल्याकडे लवकर का?

जगातील 52 देशांत झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने दाखवून दिले की, पहिल्या झटक्याचा सुमारे 90 टक्के धोका नऊ गोष्टींशी जोडलेला आहे : तंबाखूचे धूम्रपान, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्यपान. यांपैकी बहुतेक गोष्टी माणसाच्या हातातील आहेत, ही त्यातील आशेची बाजू. चिंतेची बाजू अशी की, दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येतो, असे याच अभ्यासातून 2007 साली पुढे आले.

याचे एक कारण आपल्या महाराष्ट्रातच शोधले गेले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळील सहा गावांतील गरोदर माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास 1993 पासून केला. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे जन्मतः सरासरी वजन 3.5 किलो, तर या गावांतील बाळांचे 2.7 किलो. परंतु हाडे-स्नायू कमी असूनही त्वचेखालील चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. दिसण्यास सडपातळ, पण आत चरबी, अशी ही शरीरे पुढे मधुमेह व हृदयविकारास लवकर बळी पडू शकतात. म्हणून ‘मी काही जाड नाही’ असे म्हणून निर्धास्त राहू नये. वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर मोजावा : पुरुषांत 90 सेंटिमीटर व स्त्रियांत 80 सेंटिमीटरपेक्षा तो कमी असावा. आणि गरोदर मातेचा आहार हाही हृदयविकारावरील उपायच आहे, हे ध्यानी घ्यावे.

ताटात काय असावे?

आपला जुना आहार गरिबीचा होता; त्याचे आंधळे कौतुक आम्ही करीत नाही. तथापि त्यातील काही गोष्टी जपण्यासारख्या होत्या. हातसडीचा तांदूळ, नाचणी आणि वरी, बांधावरची तूर, वाल, कुळीथ, पावसाळ्यातील टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोळी यांतून कोंडा, कडधान्ये आणि पालेभाजी पोटात जात असे. आता ताटात पांढऱ्या भाताचा ढीग, त्यावर पातळ आमटी, मधल्या वेळी खारी-बटर बुडवून गोड चहा आणि बाजारहाटाच्या दिवशी वडापाव-फरसाण, असा बदल झाला आहे. शेतीची कामे यंत्राने आणि जाणे-येणे मोटारसायकलने होऊ लागले; भात मात्र पूर्वीइतकाच राहिला.

यासाठी महागडे पदार्थ लागत नाहीत. ताटाचा अर्धा भाग भाजी, पाव भाग डाळ-कडधान्य आणि उरलेला पाव भाग भात किंवा भाकरी, एवढे सूत्र पुरे. तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुरावे. एकदा तळलेले तेल पुन्हापुन्हा उकळू नये आणि वनस्पती तूप टाळावे.

मिठाविषयी विशेष सांगावयास हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. आपल्याकडे लोणचे, पापड, सुकट आणि सुके बोंबील यांतूनच त्यातील मोठा वाटा येतो. सुकी मासळी शिजवण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांतून काढावी व कालवणात वरून मीठ घालू नये. सैंधव हेही मीठच आहे. बाजारातील ‘कमी सोडियम’चे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांना घातक ठरू शकते, ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे.

तंबाखू आणि श्रम

विडी तेवढी वाईट आणि मिश्री ‘दातांसाठी’ चांगली, असा भेद हृदय करीत नाही. तंबाखू ओढा, चघळा वा लावा, त्यातील निकोटीन नाडीची गती व रक्तदाब वाढवते. धूम्रपान सोडल्यावर साधारण एका वर्षात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. एवढा लाभ क्वचितच एखाद्या औषधाने होतो.

लावणी-कापणीच्या दिवसांत श्रम भरपूर होतात; उरलेल्या महिन्यांत मात्र शरीर बसून राहते. म्हणून वर्षभर, आठवड्यातील किमान पाच दिवस, अर्धा तास भरभर चालावे.

गोळी का थांबवू नये?

पथ्य पाळले तरी अनेकांना औषध लागतेच. ‘दाब आता बरोबर आला’ म्हणून गोळी बंद करणे ही सर्वांत घातक सवय होय. बांधामुळे पुराचे पाणी शेतात शिरत नाही. शेत कोरडे दिसते म्हणून कोणी बांध फोडत नाही. गोळीमुळे दाब आटोक्यात असतो; गोळी थांबली की तो पुन्हा चढतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत हा खंड विशेष पडतो. निघण्यापूर्वी पुरेशा गोळ्या व तपासणीचे कार्ड बरोबर घ्यावे. शासनाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतही रक्तदाबाची औषधे विनामूल्य मिळतात.

वेळ हेच औषध

छातीच्या मध्यभागी दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप : यांस ‘गॅस’ समजून ओवा वा सोडा घेत बसू नये. स्त्रियांत व मधुमेहींत केवळ थकवा, मळमळ किंवा धाप एवढेच लक्षण असू शकते. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही पक्षाघाताची लक्षणे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन त्यात साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हशापासून मोठे रुग्णालय दूर आहे. म्हणून सकाळ होण्याची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आमच्या देणगीदारांना आम्ही एवढेच निवेदन करू इच्छितो की, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, नियमित गोळ्या व पेनिसिलिनचे इंजेक्शन यांस दिलेला पैसा इमारतीप्रमाणे डोळ्यांत भरत नाही. परंतु न आलेला झटका हेच त्याचे फळ असते. आणि रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती अशी की, पथ्याचे ताट रुग्णासाठी वेगळे मांडू नये. सर्व घराने तेच जेवावे. कारण एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणाऱ्या मुलांना हा रोग पुढे होऊ नये, हेच आपणा सर्वांचे ईप्सित आहे.