भिंती पडल्या, खण उभे राहिले

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपतीचं विसर्जन करून लातूर जिल्ह्यातलं किल्लारी गाव नुकतंच झोपलं होतं. ६.२ तीव्रतेच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसं गेली. उजाडलं तेव्हा ढिगाऱ्यांतून बऱ्याच घरांचे लाकडी खांब-तुळया मात्र उभ्या होत्या. मेढींवर आढं टाकून, कूड घालून उभारलेली गवताची छपरंही बव्हंशी शाबूत होती.

असं का झालं?

खांब-तुळयांची ही घरं माळवदाची. मराठवाड्यातलं माळवद म्हणजे उन्हाळ्यावरचा उतारा. सागवानी खांब, त्यांवर तुळया, वर लाकडाची दाटण आणि तिच्यावर मातीचा जाड थर. चार खांबांमधली जागा म्हणजे खण. घर किती मोठं, हे खणांवरून सांगितलं जाई. दुपारचं ऊन त्या मातीत मुरेपर्यंत संध्याकाळ होते, म्हणून आत गारवा राहतो. पण गळती लागली की वर नवी माती पडे. पिढ्यान् पिढ्या थर चढत गेले आणि काही छतं दोन फूट जाड झाली. एवढ्या मातीचं वजन चौरस मीटरला जवळपास एक टन भरतं. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत झोपलेल्यांच्या डोक्यावर नऊ टन!

जमीन हलते तेव्हा घरावर येणारा जोर त्याच्या वजनाच्या पटीत वाढतो. गवती छप्पर हलकं, त्यामुळे त्याच्यावर जोर कमी. शिवाय बांधलेले वासे आणि कूड थोडे लवतात. २००१च्या भूकंपात कच्छमधली ‘भुंगा’ नावाची गोल घरंही अशीच तगली.

माळवदाचा घात केला तो मुख्यतः भिंतींनी. दगडाचे दोन पदर, मध्ये चिपा आणि चिखल. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसेच. हादऱ्यात पदर फुगले, सुटले आणि कोसळले. छताचा भार खांबांवर होता तिथे सांगाडा तगला. भार थेट भिंतीवर होता तिथे छतही खाली आलं.

तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला. दुरुस्तीचे उपायही गवंडी-सुतारांच्या हातातलेच ठरले: छतावरची जादा माती उतरवणं, भिंतीत आरपार दगड बसवणं, खांब-तुळईच्या कोनात तिरपे टेकू देणं.

नांदेड-लातूरच्या खेड्यांत आजही माळवदं नांदती आहेत. त्यांच्यावर पावसाळ्याआधी नवी माती टाकायची, तर आधी तेवढीच जुनी खरवडून खाली उतरवायला हवी.