पैसे भरले, सेवा मिळाली नाही: क्रेडिट कार्डावरील तक्रारीविषयीचे गैरसमज

क्रेडिट कार्डाने पैसे भरूनही ठरलेली सेवा मिळाली नाही, तर बँकेकडे जाणाऱ्या तक्रारीचे भवितव्य पुष्कळदा ती कोणत्या नावाने नोंदवली जाते यावर अवलंबून असते. ‘पैसे कापले गेले’ हा बोलण्यातील एकच शब्दप्रयोग दोन अगदी भिन्न प्रसंगांना लावला जातो. पहिल्या प्रसंगात कार्डधारकाने व्यवहार केलेलाच नसतो आणि कोणीतरी परस्पर पैसे काढून घेतलेले असतात. दुसऱ्यात व्यवहार त्यानेच, राजीखुशीने केलेला असतो, परंतु ज्यासाठी पैसे दिले ती सहल, तो वर्ग, ते विमानाचे आसन त्याच्या वाट्याला आलेले नसते. पहिली तक्रार अनधिकृत व्यवहाराची आणि दुसरी सेवा न मिळाल्याची; दोन्हींचे नियम, मुदती आणि पुरावे वेगळे आहेत, आणि त्यांची सरमिसळ हेच बहुतेक गैरसमजांचे मूळ आहे.

तीन दिवसांत तक्रार केली नाही तर हक्क बुडतो, ही समजूत अशाच सरमिसळीतून आली आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजी दिवसांचा उल्लेख आहे खरा, पण तो अनधिकृत व्यवहारातील ग्राहकाची जबाबदारी ठरवण्यासाठी. सेवा न मिळाल्याच्या तक्रारीशी त्या मुदतीचा संबंध नाही. ओटीपी स्वतःच दिला म्हणून आता काहीच करता येत नाही, हा समजही तसाच. ओटीपीमुळे सिद्ध होते ते इतकेच की व्यवहाराला कार्डधारकाची संमती होती, आणि दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीत ती संमती कोणी नाकारतच नसते. याउलट, तक्रारीला जोर यावा म्हणून ‘हा व्यवहार माझा नाही’ असे लिहून देणारा कार्डधारक स्वतःच्याच खऱ्या दाव्याचा घात करतो, कारण बँकेकडील ओटीपीची नोंद त्याचे म्हणणे तत्काळ खोडून काढते.

सेवा न मिळाल्याच्या तक्रारीचे साधन म्हणजे चार्जबॅक, अर्थात व्यापाऱ्याकडे गेलेली रक्कम त्याच्या बँकेमार्फत उलट मागवण्याची प्रक्रिया. तीत कार्ड देणारी बँक, व्यापाऱ्याचे पैसे जमा करून घेणारी बँक आणि दोघींना जोडणारे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखे जाळे असे तीन घटक असतात. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत अशा दाव्याला साधारणपणे १२० दिवसांची मुदत असून, सेवा पुढील तारखेला मिळायची असेल तर ही मुदत पैसे भरल्याच्या दिवसापासून नव्हे, तर सेवा अपेक्षित असलेल्या दिवसापासून मोजली जाते, मात्र मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांची कमाल मर्यादा पाळावी लागते. सहा महिने आधी उमराहच्या किंवा काशीयात्रेच्या सहलीचे पैसे भरणाऱ्या परभणीच्या कुटुंबाच्या दृष्टीने हा तपशील फार मोलाचा आहे. तरीही बँका स्वतःची अंतर्गत मुदत याहून कमी ठेवू शकतात, त्यामुळे थांबून राहण्यात शहाणपण नाही.

कंपनीच बुडाली म्हणजे पैसेही बुडाले, हा समज सर्वांत घातक म्हणावा लागेल. मुंबईत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी सर्व उड्डाणे थांबवली आणि २० जून २०१९ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने तिच्याविरुद्धची दिवाळखोरीची याचिका दाखल करून घेतली. त्या क्षणापासून कंपनीविरुद्धच्या वसुलीला कायद्याने स्थगिती मिळते आणि तिकीटधारक धनकोंच्या लांबलचक रांगेत जाऊन बसतो. गो फर्स्टची उड्डाणे मे २०२३ मध्ये थांबली तेव्हाही हेच घडले. परंतु कार्डाने तिकीट काढलेल्या प्रवाशाला चार्जबॅकचा वेगळा मार्ग असतो, कारण त्याचा दावा जाळ्याच्या नियमांनुसार व्यापाऱ्याच्या बँकेकडे जातो आणि व्यापारी पैसे देऊ शकला नाही तरी त्या बँकेची जबाबदारी संपत नाही. रोखीने किंवा थेट खात्यातून पैसे भरणाऱ्याला हे संरक्षण नसते.

मात्र चार्जबॅक हा भारतात कायद्याने दिलेला हक्क आहे असे मानणेही चूक ठरेल. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचे कलम ७५ ठरावीक किमतीच्या व्यवहारात कार्ड देणाऱ्या संस्थेलाच विक्रेत्याबरोबर जबाबदार धरते. आपल्याकडे तसे कलम नाही, आणि ही उणीव दूर व्हायला हवी. तोवर दाव्याची सारी मदार कागदांवर राहते: सेवेची तारीख दाखवणारी पावती, ती न मिळाल्याचा पुरावा, आणि व्यापाऱ्याकडे आधी लेखी परतावा मागितल्याची नोंद. शाखेत जाऊन तोंडी सांगितलेली हकीकत यात मोजली जात नाही. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ अशी पावतीवरील ओळ सेवा घेणाऱ्याने स्वतः माघार घेतली तर आड येऊ शकते; सेवाच दिली गेली नसेल तर ती निर्णायक ठरत नाही.

तक्रार केली म्हणून बिल भरायचे थांबवणे, हेही धोक्याचेच. रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत वादातील रकमेवर आकारणी न करण्याचे बंधन फसवणुकीच्या तक्रारींपुरते होते. सेवा न मिळाल्याच्या तक्रारीत काही बँका तात्पुरती रक्कम जमा करतात, पण दावा फेटाळला गेल्यास ती परत वजा होते. म्हणून निदान वादाबाहेरची रक्कम वेळेवर भरणे आवश्यक असते. बिलावरील हरकतीला तीस दिवसांत खुलासा देणे त्याच निर्देशांनी बँकेला बंधनकारक केले होते. शिकवणी वर्गाचे शुल्क हप्त्यांत भरणाऱ्या पालकांनी आणखी एक गोष्ट तपासावी: ते हप्ते कार्डाचे आहेत, की वर्गाने एखाद्या वित्तसंस्थेकडून परस्पर काढून दिलेल्या कर्जाचे. कर्ज असेल तर चार्जबॅक लागूच होत नाही.

तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. पण तिथे तपासली जाते ती बँकेच्या सेवेतील त्रुटी, व्यापाऱ्याची नव्हे. व्यापाऱ्याविरुद्धची लढाई ग्राहक आयोगात होते, आणि तिच्यासाठी मुंबई-पुण्याच्या फेऱ्या माराव्या लागतील ही भीती आता निराधार आहे. २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली, त्यामुळे जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडच्या ग्राहकाला मुंबईच्या कंपनीविरुद्ध परभणीच्या जिल्हा आयोगात जाता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि बँकेशी पत्रव्यवहार चालू आहे एवढ्याने ती थांबत नाही.